बंदी आधीपासून होतीच की!

'ड्युटीवर ड्रायव्हरचा मोबाईल डेपोतच जमा करून घ्या, प्रश्न मिटला' असं एसटी ड्रायव्हरच्या मोबाईलवर बंदी घालण्याच्या चर्चेत एकाने म्हटलंय. बंदीला माझा विरोध नाही, पण इतक्या सहज मिटत नाही.

12 सप्टेंबर 2008ला लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थला मेट्रोलिंकची लोकल लाल सिग्नल ओलांडून समोरच्या मालगाडीवर आदळली. 25 जण गेले. चालक मेसेज पाठवत होता, शेवटचा तर टकरीच्या 22 सेकंद आधी. आणि गंमत (कसली गंमत!) म्हणजे केबिनमध्ये मोबाईल वापरायचा नाही हा नियम तिथे आधीपासून होता, या चालकाला समजही दिलेली होती. आत काय चाललंय ते बघणारं कुणी नव्हतं. चालकावर रोखलेले कॅमेरे नंतर बसले.

दुसरी बाजू स्पेनची. 2013मध्ये सांतियागोजवळ ताशी 80 किमीची मर्यादा असलेल्या वळणावर रेल्वेगाडी 180च्या आसपास वेगाने शिरली आणि अपघात झाला. वळणाच्या जरा आधीपर्यंत चालक फोनवर बोलत होता, तोही गाडीतल्याच तिकीट तपासनिसाशी, कामाच्या फोनवर, कामाचंच. इथे खाजगी मोबाईल जमा करून काय साधलं असतं?

आपल्याकडे एसटीचा ड्रायव्हर फोनवर दिसला की आपण व्हिडिओ काढतो, दंड ड्रायव्हरला होतो. पलीकडून 'कुठवर आलास?' विचारणारा डेपोतला साहेब असेल तर? चालत्या गाडीत ड्रायव्हरला फोन करणाऱ्या अधिकाऱ्यालाही तोच दंड लावा. निरोप कंडक्टरकडे द्यावा, घरच्या अडीअडचणीचासुद्धा.