फोल्डर ओढून टाकला की कधी कॉपी होतो, कधी मूळ जागेवरून जातो, आणि आता तर सापडतच नाहीये. मदत हवी आहे

पाऊलखुणा:
लवकर सांगा प्लीज. फोल्डर माउसने ओढून दुसरीकडे टाकते तेव्हा कधी तो कॉपी होतो म्हणजे मूळ जागी तसाच राहतो आणि कधी मूळ जागेवरून सरळ निघून जातो. मी दोन्ही वेळेला तेच करते, धरायचं ओढायचं सोडायचं, मग फरक का? आणि आज तर एक अख्खा फोल्डर दोन्हीकडे नाही. जिथून उचलला तिथे नाही, जिथे टाकायचा होता तिथेही नाही. रिसायकल बिन पाहिला, रिकामा आहे. आईबाबांच्या जुन्या फोटोंचे स्कॅन आहेत त्यात, मूळ फोटो ज्यांचे त्यांना परत दिलेत त्यामुळे पुन्हा स्कॅन करणं शक्य नाही. उद्या सकाळी बहीण निघतेय आणि तिला हे सगळं डिस्कवर घालून द्यायचंय.

खिडकीपाशी:
ऑपरेटिंग सिस्टिम कुठली? कुठून कुठे ओढत होता, एकाच ड्राईव्हवर की वेगळ्या? बाहेरची डिस्क होती का? ओढताना दोन विंडो उघड्या होत्या की डावीकडच्या यादीत नेऊन टाकलात? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच करणार. आणि सापडेपर्यंत त्या ड्राईव्हवर नवीन काही कॉपी करू नका, डाउनलोडही नको.

पाऊलखुणा:
डेस्कटॉप कंप्युटर आहे. नेहमीचा फाईल एक्सप्लोरर. फोल्डर कसा शोधू ते सांगा ना.

कंट्रोलझेड:
सगळ्यात आधी एक्सप्लोररच्या विंडोत रिकाम्या जागी क्लिक करा आणि कंट्रोल + झेड दाबा. शेवटची हलवाहलव उलटी होते, फोल्डर जिथून निघाला तिथे परत येतो. मध्ये अजून काही केलं असेल तर एकेक पायरी मागे जाईल, म्हणून एकदा दाबलं की थांबून बघा काय झालं ते. आणि जपून, शेवटची क्रिया कॉपीची असेल तर अनडू म्हणजे ती कॉपी उडते.

दोनखिडक्या:
म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की फायली माउसने ओढणं बंद करा. टोटल कमांडर नावाचा फायली हाताळायचा प्रोग्रॅम घ्या, डावीकडे एक जागा उजवीकडे दुसरी, एफ ५ म्हणजे कॉपी, एफ ६ म्हणजे हलवणं, आणि दोन्ही वेळी तो आधी विचारतो की अमुक ठिकाणी नेऊ का. संशयाला जागाच नाही. ही दोन पॅनेलची पद्धत विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या, १९८६ च्या नॉर्टन कमांडरने रूढ केली आणि आजही तिच्याइतकं स्पष्ट काही नाही. फुकट हवं असेल तर डबल कमांडर आहे.

पेंग्विनमित्र:
लिनक्सवरच्या केडीईचा डॉल्फिन (तिथला फाईल एक्सप्लोरर) वापरून बघा. फोल्डर सोडला की तिथल्या तिथे मेनू येतो, इथे हलवा, इथे कॉपी करा, इथे लिंक करा. असंच असायला हवं सगळीकडे. मशीन जरा जुनं असेल तर लिनक्स टाकायला हीच वेळ चांगली.

कंट्रोलझेड:
@पेंग्विनमित्र, अहो त्यांचे फोटो सापडत नाहीयेत आणि तुम्ही त्याच डिस्कवर नवीन सिस्टिम टाकायला सांगताय? आत्ता हे करायला सांगू नका कुणाला.

पेंग्विनमित्र:
आत्ता टाका असं म्हटलं नाही, वेळ चांगली म्हटलं. बरं, आधी फोल्डर सापडू दे.

शब्दफेक:
ड्रॅग होतच नसेल आणि गोलात तिरपी रेघ असलेलं चिन्ह दिसत असेल तर ज्या प्रोग्रॅमवर टाकताय तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला असणार. साध्या एक्सप्लोररमधून ॲडमिन हक्काच्या विंडोत काही टाकता येत नाही, व्हिस्टापासून सुरक्षिततेसाठी तसं ठेवलंय. प्रोग्रॅम बंद करून साधा उघडा, चालेल.

खिडकीपाशी:
@शब्दफेक, माहिती बरोबर आहे पण त्यांचं ड्रॅग होतंय, तोच तर प्रश्न आहे.

@पाऊलखुणा, तोवर नियम सांगतो. तुम्ही विंडोजवर आहात असं धरतोय. एकाच ड्राईव्हच्या आत ओढलं की फोल्डर हलतो. एका ड्राईव्हवरून दुसऱ्यावर ओढलं, पेनड्राईव्ह किंवा बाहेरची डिस्क धरून, की कॉपी होते. हे असं असण्यामागे कारण आहे. एकाच ड्राईव्हवर हलवताना आतला मजकूर जागचा हलतच नाही, फक्त डिस्कच्या नोंदवहीत तो कुठल्या फोल्डरखाली आहे ती नोंद बदलते, म्हणून पन्नास जीबीचा फोल्डरही डोळ्याची पापणी लवेपर्यंत जातो. दुसऱ्या ड्राईव्हवर मात्र प्रत्येक बाइट नव्याने लिहावा लागतो, मग मूळ प्रत राहू देणं सुरक्षित.

हे बदलता येतं. ओढताना कंट्रोल धरलं तर कॉपी, शिफ्ट धरलं तर हलवणं, आल्ट धरलं तर शॉर्टकट, ड्राईव्ह कुठलाही असो. बटण सोडायच्या आधी बाणाशेजारी छोटी पट्टी येते, तीत ‘मूव्ह टू’ आहे की ‘कॉपी टू’ आणि पुढे कुठल्या फोल्डरचं नाव आहे ते लिहिलेलं असतं. ती वाचल्याशिवाय बोट उचलू नका. गडबड वाटली तर बोट न उचलता एस्केप दाबा, काहीच होत नाही.

सफरचंदी:
मॅकवर पण हाच नियम. फाइंडरमध्ये एकाच डिस्कवर हलतं, दुसऱ्या डिस्कवर कॉपी होतं. ऑप्शन धरून कॉपी, कमांड धरून हलवणं, दोन्ही धरली तर अलियास, म्हणजे मॅकचा शॉर्टकट.

पाऊलखुणा:
कंट्रोल झेड करून पाहिलं, काहीच होत नाही, मध्ये मशीन बंद करून चालू केलं होतं. आता सगळं सांगते. विंडोज ११. डी ड्राईव्हवर ‘स्कॅन’ नावाचा फोल्डर, त्यात प्रत्येक घराचा वेगळा फोल्डर, त्यातले हवे ते डी वरच ‘देण्यासाठी’ नावाच्या फोल्डरमध्ये जमा करत होते म्हणजे मग एकदम बाहेरच्या डिस्कवर टाकता येतील. ‘देण्यासाठी’ डावीकडच्या यादीत खाली होता, तिथपर्यंत ओढत नेत होते. जो सापडत नाही त्याचं नाव ‘आजोळ’. सगळा डी तारखेने लावून बघितला, सगळ्यात नवीन वर, त्यात आजोळमधलं काहीच नाही म्हणून घाबरले.

खिडकीपाशी:
हे आधी सांगितलं असतंत तर! घाबरू नका, तारखेवरून तो दिसणारच नाही. फाईल हलवल्याने तिची ‘डेट मॉडिफाइड’ बदलत नाही, स्कॅन केला त्या दिवसाचीच राहते. जुन्या तारखांमध्ये गाडला गेलाय तो.

असं करा. डावीकडे डी ड्राईव्हवर क्लिक करा म्हणजे शोध पूर्ण ड्राईव्हवर चालेल, उजवीकडे वर शोधपट्टीत ‘आजोळ’ टाइप करा आणि थांबा, वेळ लागेल. नाही मिळाला तर त्यातल्या एखाद्या फोटोच्या फाईलचं नाव टाका. तोही नाही मिळाला तर ‘देण्यासाठी’च्या वर आणि खाली यादीत जे फोल्डर आहेत ते एकेक उघडून आत बघा. रिसायकल बिन रिकामा आहे आणि तुम्ही डिलीट दाबलेलं नाही, तर तो डी वरच कुठेतरी दुसऱ्या फोल्डरच्या पोटात आहे.

दोनखिडक्या:
अरुंद यादीत वीस फोल्डर एकाखाली एक, त्यातल्या एकावर नेम धरून टाकायचं, आणि मधेच यादी सरकते. याला फायली हाताळणं म्हणतात का? कट पेस्ट तरी करा.

मूषकवाहन:
@दोनखिडक्या, तुमचं कीबोर्डप्रेम मान्य पण सगळ्यांना ते जमत नाही. माझ्या वडिलांना एका वेळी दोन बटणं दाबता येत नाहीत, बोटं थरथरतात. त्यांना ‘हे इथून उचललं आणि तिथे ठेवलं’ एवढंच समजतं आणि त्यावर त्यांची सगळी कागदपत्रं नीट लावलेली आहेत. ओढून टाकणं ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे, ती बंद करा म्हणणं मला पटत नाही. कट पेस्टमध्ये दुसरं काही कॉपी केलं की कट केलेलं राहून जातं, त्यांना ते अजिबात लक्षात येत नाही.

त्यांच्यासाठी मी दोन गोष्टी केल्यात, कुणाला उपयोगी पडतील म्हणून लिहितो. माउसच्या सेटिंगमध्ये ‘क्लिकलॉक’ चालू केलं, म्हणजे बटण क्षणभर दाबून सोडलं की पकड कायम राहते, मग बोट न दाबता नेता येतं आणि पुन्हा क्लिक केलं की सुटतं. दुसरं, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) करंट यूझरखाली कंट्रोल पॅनेल, त्यात डेस्कटॉप, तिथे ‘ड्रॅगविड्थ’ आणि ‘ड्रॅगहाइट’ अशा दोन किमती असतात, मुळात ४ पिक्सेल. बटण दाबलेलं असताना माउस एवढा सरकला की विंडोज त्याला ओढणं समजतं. ४ म्हणजे काहीच नाही, हात थरथरला तरी फोल्डर उचलला जातो. मी ४० केल्या, साइन आउट करून परत आलो, तेव्हापासून नुसत्या क्लिकने फोल्डर सरकणं थांबलं. रजिस्ट्रीत बाकी कशाला हात लावू नका.

दोनखिडक्या:
वडिलांचं कारण पटलं, त्यांच्यासाठी ओढणंच बरं. पण ज्याचे हात धड आहेत त्याने एफ ५ शिकावं यावर मी ठाम आहे.

मूषकवाहन:
@पाऊलखुणा, एक विचारायचं राहिलं. ओढत असताना मधेच आपोआप सुटतं का? म्हणजे बोट दाबलेलंच आहे पण फोल्डर वाटेतल्या कशावर तरी पडला असं कधी वाटलं? जुन्या माउसच्या डाव्या बटणाखालचा छोटा स्विच झिजला की असं होतं. एका क्लिकचे दोन क्लिक होतात हे दुसरं लक्षण.

पाऊलखुणा:
सापडला!!! ‘पावत्या’ नावाच्या फोल्डरच्या आत होता, यादीत ‘देण्यासाठी’च्या बरोब्बर वर आहे तो. नावाने शोधल्यावर आला. सगळे फोटो आहेत, उघडून पाहिले, आजीचा विहिरीपाशी उभी असलेला आहे, सगळे आहेत. खूप खूप आभार खिडकीपाशी आणि सगळ्यांचेच.

हो, एका क्लिकला दोनदा उघडतं कधीकधी, मला वाटलं सेटिंग असेल. आता बहिणीच्या डिस्कवर कसं टाकू म्हणजे परत असं होणार नाही? आणि तिच्याकडे मॅक आहे, चालेल ना?

कंट्रोलझेड:
अभिनंदन! आता उजव्या बटणाने ओढा. राइट बटण दाबून फोल्डर धरायचा, डिस्कवर न्यायचा, सोडला की मेनू येतो, इथे कॉपी, इथे हलवा, इथे शॉर्टकट, रद्द. पेंग्विनमित्र म्हणत होते तसं विचारणं यातही आहे, फक्त डाव्याऐवजी उजवं बटण. कॉपी निवडा.

झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि फायलींची संख्या आणि ‘साइझ’ जुळतेय का बघा. ‘साइझ ऑन डिस्क’ जुळली नाही तरी काळजी नाही, दोन डिस्कची मांडणी वेगळी असली की ती वेगळी येते. मग इजेक्ट करूनच वायर काढा.

सफरचंदी:
डिस्क एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फॉरमॅट पद्धत) असेल तर मॅकवर फोटो दिसतील, तिला कॉपीही करून घेता येतील, पण त्या डिस्कवर नवीन काही लिहिता येणार नाही. दोन्हीकडे चालायला हवी तर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. फॅट ३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, व्हिडिओ असला की अडेल. पण फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं जातं, आधी ती रिकामी आहे याची खात्री करा.

खिडकीपाशी:
आणि ते स्कॅन फक्त डी वर आहेत का? कारण ‘स्कॅन’मधून ‘देण्यासाठी’त तुम्ही कॉपी करत नव्हता, हलवत होता, म्हणजे आत्ता प्रत्येक फोटोची एकच प्रत आहे. बहिणीची डिस्क भरली की अजून एक प्रत वेगळ्या डिस्कवर आजच करा. बाकी कामं नंतर.

पाऊलखुणा:
हो एकच आहे. एक जुनी रिकामी पेनड्राईव्ह आहे, तीत मावतायत का बघते, मावले तर आत्ताच टाकते. डिस्क नवीनच आहे, काही नाही तिच्यावर, एक्सफॅट करून घेतली. माउसचं कसं तपासू?

मूषकवाहन:
डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर डावं बटण दाबून धरा आणि हळूहळू मोठा चौकोन काढत फिरवत राहा. बोट न उचलता चौकोन मधेच नाहीसा झाला तर स्विच गेलाय, माउस बदला.

पाऊलखुणा:
नाहीसा होतोय, दर वेळी! उद्याच नवीन आणते. तोवर राइट बटणाने ओढलं तर चालेल का की तेही मधेच सुटेल?

मूषकवाहन:
त्याला स्वतःचा वेगळा स्विच असतो आणि डाव्याच्या मानाने तो फार कमी वापरला जातो. त्याच्याने पण एकदा चौकोन काढून बघा, टिकला तर बिनधास्त कॉपी करा.

पाऊलखुणा:
टिकला. कॉपी लावलीये.