अनुभव सांगा: ग्रुपवर एकतर भडका, नाहीतर सामसूम

अहिराणी_लेक
काल सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज. "मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सर्वांना पाठवा." खाली रागाने लाल झालेले चेहरे, एकाचं "दिसले की तुडवा", बाकीचे वाचून गप्प. माझ्या पोटात गोळा आला. माझं माहेर धुळ्याकडच्या साक्री तालुक्यातलं. १ जुलै २०१८, राईनपाडा, रविवारचा बाजार. पाच डवरी गोसावी, भटक्या जमातीतले, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे. एकजण म्हणे लहान मुलीशी बोलताना दिसला. मुलं पळवणारे समजून जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. त्याआधी असेच मेसेज फिरत होते.

माहेरच्या ग्रुपवर आधी "बरं झालं"वाले, खरं कळल्यावर "अख्ख्या गावाला फाशी द्या"वाले. आप्पांनी एवढंच विचारलं, जे घाबरून दार लावून बसले त्यांना कुठे धरायचं? तर "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" आप्पा ग्रुपमधून बाहेर पडले. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

उंडगा
आमच्या गावात दरवर्षी येतात हे डवरी गोसावी. आता आधी पोलीसपाटलाकडे आधारची झेरॉक्स द्यायची, मग गावात शिरायचं. आजी भडकते. "ह्याच्या बापाला भाकरी वाढलीय मी, मला कसले कागद दाखवतो?"

जास्वंदी
ऑफिसातून पटकन लिहितेय. पालघरचं गडचिंचले आठवतंय? १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. तिथेही आधी चोरांच्या अफवाच. पण व्हिडिओ फिरला आणि आमच्या बॅचच्या ग्रुपवर थेट हिंदू-मुस्लिम सुरू. शेवटी गृहमंत्र्यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर केली, त्यात एकही मुस्लिम नाही म्हणून. ती यादी मी ग्रुपवर टाकली. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत भांडणारे सगळे चिडीचूप. एकाने हात जोडले, दुसऱ्याने सुप्रभात. मीटिंग आहे, बाकी नंतर.

तंत्रमंत्र
तो लाल चेहरा साधासुधा नाही. २०१७ पासून फेसबुक त्याला लाइकच्या पाचपट वजन द्यायचं. म्हणजे तुम्ही चिडलात की पोस्ट आणखी चार लोकांपुढे. २०२० मध्ये ते वजन शून्यावर आणलं, आणि लोकांना कळलं २०२१ मध्ये, आतले कागद बाहेर आल्यावर. व्हॉट्सअॅपनेही भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड हा नियम २०१८ च्या झुंडबळींनंतर आणला. आमचे मेहुणे मात्र कॉपी-पेस्ट करतात. त्यावर इलाज?

हिंगाचा_खडा
@तंत्रमंत्र, तुमचे मेहुणे आमच्या ग्रुपवर पण आहेत वाटतं. हा हा.

मावशीबाई
आमच्याकडे भटकी कुत्री. एक ताई म्हणाली नसबंदी करून घेऊ, खायला गेटबाहेर घालू. दोन्ही पार्ट्यांनी तिलाच धुतली. एकीकडून "क्रूर", दुसरीकडून "कुत्रेवाली". आणि लिफ्ट बंद पडली, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना वर न्यायचंय म्हणून मी लिहिलं, तर एक उत्तर नाही. वॉचमन नि मी, हळूहळू नेलं. कुकर झाला, येते.

उंडगा
मावशी, कुत्र्यांचा विषय नको. धागा शंभरी गाठेल.

रोखठोक_नगरकर
मला वेगळंच वाटतं. सगळीकडे दोन बाजू शोधत बसू नका. राईनपाड्यात दुसरी बाजू कुठली हो? राग यायलाच हवा होता. फक्त पंचायतीच्या दारात यायला हवा होता, मोबाइलवर चार दिवसांनी नाही.

अहिराणी_लेक
@रोखठोक_नगरकर, आप्पा बाजू घेतच नव्हते. दार लावून बसलेल्यांत आमचे सोयरे होते. अजून लग्नकार्यात भेटतात, पंगतीत शेजारी बसतात. त्यांना काय विचारायचं हे आप्पांना अजून सुचलेलं नाही.

रोखठोक_नगरकर
हं. हे मला धाग्यावरून कळलं नव्हतं. अवघड आहे.

जास्वंदी
आले परत. अहिराणी, तू साक्रीकडची म्हणजे नक्की कुठली गं? माझं आजोळ पिंपळनेर!

अहिराणी_लेक
अगं, पिंपळनेरला तर माझी मावशी!

मावशीबाई
खानदेशी मंडळी सापडली एकदाची. कळण्याच्या भाकरीला विकतचं पीठ चालतं का? माझी मधोमध चिरते.

अहिराणी_लेक
विकतचं नको. ज्वारी, अख्खे उडीद, जाडं मीठ, एकत्रच दळून आणा. प्रमाण व्यनि (खासगी निरोप) करते.