मदत हवी: दिवेआगरला चेन टकटक उडतेय, उद्या सकाळी निघायचंय

पायडलपंत:
मंडळी, तातडीने सांगा. दिवेआगरला आहे. कालपासून सायकलची चेन मध्येच टक्कन उडते, जोर लावला की पाय रिकामा जातो. उद्या सकाळी सातला किनाऱ्याने आणि सुरूच्या बनातून फिरायचं, मग कोंडविलीवरून श्रीवर्धन, असं ठरलंय. बहिणीची दोन मुलं सोबत आहेत, त्यांच्या सायकली ठणठणीत. इथला पंक्चरवाला गिअरच्या सायकलीला हात लावायला तयार नाही. 'गूगल करा' म्हणू नका, रेंज जेमतेम आहे.

कट्ट्यावरचा:
सायकल कुठली? गिअर किती? चेन किती जुनी? सगळ्या गिअरला उडते की एखाद्याच? काल काय केलंत तिला?

पायडलपंत:
साधी एमटीबी (माउंटन बाईक) आहे हो. पुढे तीन, मागे आठ. काही केलं नाही, चालवली फक्त.

फॅटबाईक_फॅन:
वाळूत साध्या एमटीबीचं कामच नाही. चार इंची टायर घ्या, हवा अगदी कमी, सात-आठ पीएसआय (दाबाचं माप) ठेवा, कोरड्या वाळूतही आरामात जाते. मी तर म्हणतो ही विकाच.

पायडलपंत:
उद्या सकाळपर्यंत?

बावीस_इंची:
गिअर हवेत कशाला? आमच्याकडे कोळी दादा मागे पाटी बांधून काळ्या सायकलवर पुळणीवरून रोज जातात. त्यांना कधी मदतीचा धागा काढावा लागला नाही.

मिस्त्रीकाका:
सगळे जरा थांबा. पंत, उडणं तीन प्रकारचं असतं. एखाद्या-दुसऱ्या गिअरलाच उडत असेल तर गिअरची केबल सैल आहे किंवा हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) वाकलाय. फक्त मागच्या लहान दात्यांवर (दातेरी चकत्यांवर), चढाला जोर लावल्यावर उडत असेल तर चेन आणि कॅसेट (मागच्या दात्यांचा संच) झिजलंय. पण सगळ्या गिअरला, पेडलच्या ठरावीक फेऱ्यांनी एकदा टक होत असेल तर एखादी कडी अडकलीय. तुमचं कुठलं? आणि सायकल तिथवर नेलीत कशी?

पायडलपंत:
डिकीत, मागची सीट पाडून. गिअरची बाजू वर होती, तेवढं कळतं मला. उडते सगळ्याच गिअरला, दोन-तीन फेऱ्यांनी एकदा.

मिस्त्रीकाका:
मग कडीच. खारं पाणी लागलं होतं का?

पायडलपंत:
नाही. सकाळी सातला ओल्या घट्ट वाळूवरून गेलो. मध्ये एक ओहोळ आडवा आला, तेवढाच.

खाडीकाठ:
काल नवमी होती ना? भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा: नऊची पावणेसात. म्हणजे सातला पूर्ण भरती. तेव्हा ओली घट्ट वाळू तुम्हाला मिळाली कुठे? तुम्ही लाटांच्या फेसातून गेलात, साहेब. ओहोळही भरतीला खाराच.

पायडलपंत:
चाकं जरा भिजली असतील. मुद्दा चेनचा आहे.

खाडीकाठ:
मुद्दा तोच आहे. रात्री धुतली का?

पायडलपंत:
हॉटेलवाले अंगणात पाणी सांडू देत नाहीत.

रॉकेलप्रेमी:
चेन काढा, रॉकेलमध्ये तासभर बुडवा, ब्रशने घासा. आम्ही पिढ्यान् पिढ्या हेच करतोय.

कट्ट्यावरचा:
रेशनवर तरी मिळतं का हल्ली रॉकेल? डिझेल वापरा. आणि चेन काढायला त्यांच्याकडे हत्यार आहे का, ते आधी विचारा.

रॉकेलप्रेमी:
डिझेल चिकट राहतं, त्यावर वाळू बसते.

कट्ट्यावरचा:
पुसलं नाही तर रॉकेलवरही बसते.

मिस्त्रीकाका:
चेन काढू नका. बादलीभर गोडं पाणी मागा आणि मगाने हळूहळू ओता. पाइपचा जोरदार फवारा मारू नका, मीठ बेअरिंगमध्ये घुसतं. फडक्याने कोरडी करा. मग सायकल उलटी करा, मागे सगळ्यात लहान दाता लावा आणि पेडल हाताने उलटं, सावकाश फिरवा. डिरेलरच्या (मागे लोंबणारा, गिअर बदलणारा भाग) त्या दोन छोट्या चाकांकडे बघत राहा. अडकलेली कडी तिथून जाताना सरळ होत नाही, कोपरासारखी वाकलेली राहते आणि डिरेलरचा दांडा टुणकन हलतो. सापडली की खडूची खूण करा. दोन्ही बाजूंच्या कड्या दोन अंगठ्यांत धरून आडव्या, चेन जशी कधी वाकत नाही तशा, हलकेच मागेपुढे करा. मग पिनवर तेलाचा एक थेंब.

पायडलपंत:
तेल नाहीये. हॉटेलवाले खोबरेल देतायत.

बावीस_इंची:
उत्तम! घरचं, शुद्ध.

मिस्त्रीकाका:
अहो, डिसेंबरातल्या पहाटे ते बाटलीत थिजतं, चेनवर काय टिकणार! शिलाई मशीनचं तेल मागा, कोकणात घरोघरी असतं. थेंब टाकून वरचं पुसून घ्या. डिस्क ब्रेक असेल तर चकतीवर एक थेंबही पडू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

फॅटबाईक_फॅन:
डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा ना सरळ.

मिस्त्रीकाका:
तो पाणी हटवायला चांगला. वंगण म्हणून टिकत नाही.

सुरूची_सावली:
मी श्रीवर्धनची. कोणी विचारलं नाही, तरी सांगते: बनात मुलांना जपून न्या. सुरूच्या सुयांचा थर मऊ दिसतो, पण खाली मुळं असतात आणि ती गोटीएवढी कडक फळं चाकाखाली घरंगळतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथली पुष्कळ झाडं आडवी झाली, त्यांचे बुंधेही अधूनमधून आहेत. हवा थोडी कमी करा, वळणावर पुढचा ब्रेक दाबू नका. आणि कोरड्या वाळूत वरच्या बाजूला सायकल घालू नका. कासवांचा अंडी घालायचा हंगाम आहे, घरटी भरतीच्या रेषेच्या वरच असतात.

खाडीकाठ:
+१. पंत, उद्या एकादशी. भरती सव्वाआठला. सातला निघालात तर कालचीच गत. ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास, तीही भांगाची (अष्टमीच्या आसपासची, कमी चढ-उताराची), त्यामुळे पाणी फार मागे जाणार नाही. सकाळी बनातून फिरा, मग रस्त्याने श्रीवर्धन, आणि किनाऱ्याची हौस दुपारी तिकडे भागवा. रुंद घट्ट पट्टा हवा असेल तर पौर्णिमेला या. तेव्हा भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे सहाला ओहोटी, आणि उधाणामुळे (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीमुळे) पाणी लांबवर गेलेलं.

पायडलपंत:
मोबाईलवर हवामान बघून निघालो होतो, त्यात भरती दाखवत नाहीत.

वाटसरू_पुणे:
दिवेआगर कशाला, फणसाडला जा! १९८६ पासूनचं अभयारण्य, दाट सावली.

सुरूची_सावली:
तिथे वनखात्याची परवानगी लागते. आणि ते मुरूडच्या बाजूला, मध्ये राजपुरीची खाडी. आगरदांड्याची फेरी पकडून मुलांना घेऊन उद्या जाणार का हे?

वाटसरू_पुणे:
अवांतर: श्रीवर्धनला जाताच आहात तर रोठा सुपारी पाव किलो आणाल का? पैसे लगेच पाठवतो.

पायडलपंत:
कडी सापडली. एक नाही, दोन होत्या, शेजारी-शेजारी, तांबूस. मालकीणबाईंनी मशीनचं तेल दिलं, वर वापरलेलं फडकंही धुऊन मागितलं. अंगणात चक्कर मारून बघितली, उडत नाही. सकाळी बन, दुपारी किनारा. सुपारी आणणार नाही.

मिस्त्रीकाका:
परत आलात की चेन मोजा. चोवीस कड्या (आतली-बाहेरची अशा बारा जोड्या) बरोबर बारा इंच भरायला हव्यात. एक अष्टमांश इंच वाढल्या असतील तर चेन गेली, आणि बहुतेक कॅसेटही. उद्या संध्याकाळी पुन्हा गोडं पाणी, पुन्हा तेल. अंगणात नाही तर रस्त्यावर धुवा.

रॉकेलप्रेमी:
रॉकेलमध्ये बुडवली असती तर दोन्ही कड्या आपोआप सुटल्या असत्या.

बावीस_इंची:
गिअर नसते तर हे काही झालंच नसतं.

मिस्त्रीकाका:
गंज गिअर मोजून येत नाही. कडी तुमच्या काळ्या सायकलचीही अडकते.

बावीस_इंची:
तिला चेनकव्हर आहे.