साफसफाईचा पॅच परत केला की लगेच माज?

घोडबंदरी
कालचा तो लेख वाचून डोकं फिरलं. म्हणे लिनक्स कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारे, नव्या पोरांचे क्लीनअप पॅच (काम न बदलता कोड नीटनेटका करणारे बदल) माजाने परत करतात, 'कोड सुधारायलाही यांची परवानगी लागते'. हो, लागते!

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ कर्नलवाल्यांना, पाठवण्याआधी मला पॅच बघायला दिला. जुना ड्रायव्हर, प्रोबमधली (कार्ड सुरू करणाऱ्या फंक्शनमधली) चूक झाल्यावर आवरायला उडी मारायची सगळी गोटो लेबलं उडवून काम डेव्हएमवर (आवराआवर आपोआप करणाऱ्या हेल्परवर) नेलेलं. दिसायला देखणं. फक्त बफर साध्या केझॅलॉकचाच (हाताने घेतलेल्या मेमरीचा) राहिला आणि रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढतानाच्या फंक्शनमध्ये) ती मेमरी सोडणारं केफ्री तसंच. आधी तिथे फ्री_आयआरक्यू (आयआरक्यू, म्हणजे हार्डवेअरचा इंटरप्ट, सोडणारं), मग केफ्री असा क्रम होता. आता आयआरक्यू डेव्हएमकडे, म्हणजे तो सुटणार रिमूव्ह संपल्यावर. मधल्या वेळात इंटरप्ट आला की हँडलर सोडून दिलेल्या मेमरीत हात घालणार. कंपाइल स्वच्छ, चेकपॅच (कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) गप्प. आणि कार्ड त्याच्याकडे नव्हतंच, तपासणार कशावर?

कर्नलच्या नेटवर्किंगवाल्यांनी तर लिहूनच ठेवलंय की दुसऱ्या कामाचा भाग नसलेले सुटे क्लीनअप नकोत, त्यात डेव्हएमचेही आले. याला माज म्हणत नाहीत, हात पोळलेत त्यांचे.

ऐरोलीचा_पोऱ्या
बग तुम्हाला सापडला ना? मग रिव्ह्यू असतो कशासाठी? आणि स्ट्रएलसीपीवाय आठवा, ते स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन. सोर्सला शेवटचा शून्य नसेल तर वाचतच सुटायचं. एकेका ड्रायव्हरमधून पॅच टाकत काढलं, कर्नल ६.८ मध्ये फंक्शनच गेलं. ते क्लीनअप नव्हतं?

जुना_ठाणेकर
साफसफाईचं कौतुक ऐकवताय तर डेबियन या लिनक्सचं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) पण ऐका. २००६ मध्ये व्हॅलग्राइंडची (मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलची) कुरकुर बंद करायला ओळी काढल्या. २००८ मध्ये कळलं, किल्ल्या बनवताना रँडमच्या नावाखाली प्रोसेस आयडीशिवाय फारसं काही उरलंच नव्हतं. जगभर किल्ल्या बदलत बसले लोक.

बाकी खरं दुखणं वेगळंच आहे. महापेला इंटरव्ह्यू घेतो मी. रेझ्युमेवर ठळक अक्षरात 'कर्नल कॉन्ट्रिब्युटर'. कमिट उघडला तर स्पेसच्या जागी टॅब. विचारलं, बाबा रे, हा ड्रायव्हर कशाचा? 'सर, ते नाही बघितलं.'

ऐरोलीचा_पोऱ्या
डेबियनचा तो पॅच त्यांचा स्वतःचा होता, कर्नलशी काय संबंध?

आणि त्या टॅबवर हसताय ना, मला असाच एक टॅब मेलने (कर्नलचे पॅच तसेच जातात) पाठवायला आठवडा लागला. कॉलेजच्या वायफायवर मेलचा पोर्ट बंद. वेबमेलवरून पाठवला तर एचटीएमएल म्हणून परत. शेवटी रबाळे स्टेशनच्या बाकावर बसून हॉटस्पॉटवरून गिट सेंड-ईमेल चालवलं. फ्रेशरच्या जाहिरातीत 'दोन वर्षांचा अनुभव' तुम्हीच मागता, मग पोरं टॅब लावणार नाहीत तर काय करतील?

जुना_ठाणेकर
जाहिरात एचआर लिहितं, माझ्यावर कशाला घसरतोस? बाकावर बसून पाठवला म्हणून पॅच बरोबर ठरत नाही. लोकलला लोंबकळत आम्हीही आयुष्य काढलंय, त्याची ओळ रेझ्युमेत नाही टाकली.

खाडीकाठची
रेझ्युमेचं रडगाणं दुसऱ्या धाग्यात न्या की दोघं.

पाठवणाऱ्याचं काम मर्ज झालं की संपतं, माझं तिथून सुरू होतं. आमचं प्रॉडक्ट जुन्या कर्नल ५.१० वर. मूळ कर्नलकडून फिक्स येतो आणि लागत नाही, कारण मध्ये कुणीतरी व्हेरिएबलचं नाव गोड केलेलं असतं. ब्लेमला (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट कमांडला) स्पेस सोडून द्यायला सांगता येतं, पण नाव बदललेलं असलं की फिक्स हातानेच बसवावा लागतो. एका शुक्रवारी तीन ओळींचा फिक्स हाताने बसवताना माझी शेवटची ठाणे लोकल गेली होती. वाशी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने जे मागितलं ते दिलं.

तरी ठाणेकर, तुमचा पहिला पॅच कसला होता हो? माझा कॉमेंटमधल्या स्पेलिंगचा. कुणी हसलं असतं तर दुसरा पाठवलाच नसता.

जुना_ठाणेकर
माझाही स्पेलिंगचाच. पण मी तो मिरवत फिरलो नाही.

घोडबंदरी
धागा माझा आणि रणकंदन रेझ्युमेवरून! असो.

स्ट्रएलसीपीवाय मान्य. त्यामागे देखणेपणा नव्हता, कारण होतं, पण पोऱ्या म्हणतो तर म्हणू क्लीनअप. झालं समाधान?

आणखी एक सांगायचं टाळत होतो. त्या मुलाने डेव्हएमचा नाद सोडून दुसरा पॅच केला. गोटो काढताना त्याच्या लक्षात आलं होतं की एक एरर पाथ (चूक झाल्यावरची वाट) चुकीच्या लेबलवर उडी मारतो आणि हार्डवेअरचं क्लॉक चालूच राहतं. एका ओळीचा फिक्स, फिक्सेस टॅगसकट (कोणत्या जुन्या बदलातली चूक सुधारली ते सांगणारी ओळ). तोच कोड मी दोनदा वाचला होता. मला दिसलं नव्हतं.

ऐरोलीचा_पोऱ्या
म्हणजे साफसफाई करायला बसला म्हणूनच सापडलं. हे वर पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंत?

घोडबंदरी
कारण तेव्हा चिडलो होतो. आणि ते क्लीनअपने नाही, वाचल्याने सापडलं. फरक आहे.

जुना_ठाणेकर
कुठलं कार्ड ते मेसेज कर. आमच्या लॅबच्या कपाटात तसली बरीच धूळ खात पडलीत. त्याला म्हणावं, शनिवारी महापेला येऊन टेस्ट कर. रेझ्युमे आणू नकोस म्हणावं.