‘ज्याचे त्याचे सत्य’ हे विधान मला मान्य नाही

पारखी:
काल येथे एकाने ठामपणे लिहिले की, दृश्य मेंदूच घडवतो, म्हणून ज्याचे सत्य त्याच्यापुरते. दाखला दिला तो २०१५ साली गाजलेल्या पोशाखाच्या छायाचित्राचा, जो कोणाला निळा-काळा दिसला, तर कोणाला पांढरा-सोनेरी. तो पोशाख प्रत्यक्षात निळा-काळाच होता, हे मात्र गाळले. प्रकाशाविषयीचे मेंदूचे गृहीतक बदलले की रंग वेगळा भासतो; कापड बदलत नाही. म्युलर-लायर आकृतीतील, म्हणजे टोकांना आत किंवा बाहेर वळलेले बाण जोडलेल्या, दोन रेषा समान असल्याचे मोजून कळल्यावरही त्या असमानच दिसत राहतात. दिसणे वेगळे, मानणे वेगळे. आणि भ्रमाला भ्रम म्हणता येते, ते वस्तुस्थिती तपासता येते म्हणूनच.

वाटसरू:
मोजपट्टीही डोळ्यांनीच वाचता ना? मग एका दर्शनाने दुसरे खोटे कसे ठरते? ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याचा खरेपणा, बाहेरून ठरते, या नैयायिकांच्या (न्याय या भारतीय दर्शनाच्या अनुयायांच्या) मतावर मीमांसकांचा (मीमांसा दर्शनाच्या अनुयायांचा) हाच आक्षेप होता: तपासणाऱ्या ज्ञानालाही तपासणी लागेल आणि ही साखळी संपणार नाही.

पारखी:
नैयायिकांचे उत्तरही सांगा. पाणी समजून पुढे गेलेल्याची तहान भागली तर ज्ञान खरे, मृगजळ निघाले तर खोटे.

साक्षी:
आणि जिथे पुन्हा जाताच येत नाही तिथे? लहानपणी आमच्या घराला आग लागली, तेव्हा माझी धाकटी बहीण माझा हात धरून उभी होती, असे मला स्पष्ट आठवते; ती म्हणते, ती त्या रात्री घरी नव्हतीच. मानसशास्त्रज्ञ लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४च्या प्रयोगात अपघाताची चित्रफीत पाहिलेल्यांना विचारलेल्या प्रश्नातील केवळ क्रियापद बदलले, तर गाड्यांच्या वेगाचा अंदाज बदलला, आणि आठवड्यानंतर काहींना चित्रफितीत नसलेली फुटलेली काचही आठवली. आमच्यापैकी कोणाची काच खोटी, ते कसे ठरवू?

पारखी:
विषय प्रत्यक्ष ज्ञानाचा आहे. कौटुंबिक वाद येथे आणून चर्चा भरकटवू नका.

साक्षी:
या वादामुळे नातेवाइकांनी मला वर्षानुवर्षे खोटारडी म्हटले आहे, तेव्हा मला विषय शिकवू नका. ‘तपासता येते म्हणूनच’ हे तुमचे शब्द आहेत. माणसाच्या बहुतेक समजुती स्मृतीवर आणि दुसऱ्याच्या शब्दावर उभ्या असतात, तिथे तुमची मोजपट्टी पोहोचत नाही.

वाटसरू:
हा मुद्दा माझ्या आक्षेपापेक्षा बळकट आहे, हे नाइलाजाने का होईना, मान्य करतो.

पारखी:
तो शब्दप्रयोग सैल होता, एवढेच मान्य. त्यापुढे मी जाणार नाही. पुरावा उरला नसेल तर कोणाचे खरे हे कदाचित कधीच कळणार नाही. पण तुमची बहीण त्या रात्री तिथे होती किंवा नव्हती, आणि तुम्हा दोघींपैकी एकीची आठवण चुकीची आहे.