दारू सुटली की मार थांबतो का?

तापीकाठ (चोपडा): परवा गल्लीतली एक बाई डोळा सुजवून नळावर आली. विचारलं तर म्हणे, "पिसन उना का मारस, नहीते देवमाणूस शे." (पिऊन आला की मारतो, नाहीतर देवमाणूस आहे.) लहानपणापासून हेच ऐकतेय, आता पटत नाही. हा देवमाणूस पिऊन मुकादमावर कधी हात टाकत नाही. घराचा उंबरा ओलांडला की मगच त्याला चढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवरा वारंवार झिंगतो अशा बायकांपैकी ७० टक्क्यांनी त्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसलीय. नवरा पीतच नाही अशांपैकी २३ टक्क्यांनी. त्या २३ जणींनी कोणत्या बाटलीला दोष द्यायचा?

केळीवाला (रावेर): ताई, २३ चे ७० होतात हे एवढंसं आहे का? माझा भाऊ कपाशीचे पैसे हाती आले की तीन-तीन दिवस शुद्धीत नसायचा. तेव्हाच वहिनीला मार बसायचा. दारू सुटली, घर शांत झालं. आधी दुकान हलवा. २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या तर मतदान घेता येतं. एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद.

सातपुडा (नंदुरबार): दुकान बंद, हातभट्टी चालू. पलीकडे गुजरातेत दारूबंदी आहे, तिथे बायकांना मार बसत नाही का? आमच्या पाड्यांवर मोहाची दारू आधी देवाला, मग सगळ्यांना. प्यायलेला प्रत्येक जण बायकोवर हात उचलत नाही.

नर्सबाई (धुळे): भांडा, पण एक ऐका. नवऱ्याच्या नकळत भाजीत दारू सोडवायची पावडर मिसळू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि तो वर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात. त्या भ्रमात समोर बायकोच असते. सरकारी दवाखान्यात न्या. आणि त्या दिवसांत तिला एकटीला त्याच्याजवळ ठेवू नका. हे मी वॉर्डात पाहिलंय, म्हणून कळवळून सांगतेय.

तापीकाठ: नर्सबाई, हेच मला म्हणायचंय. त्याचा उपचार होईपर्यंत तिनं काय करायचं? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिला त्याच घरात राहायचा हक्क आहे. दंडाधिकारी नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतात. अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे द्यायचा, फोन १८१. प्यायला होता की नव्हता, कायदा हे विचारत नाही.

केळीवाला: कोर्टाची पायरी चढली की नातं संपलं, ताई. आमच्याकडे पोरीला माहेरीही मग थारा नसतो.

तापीकाठ: थारा नसतो म्हणूनच त्या घराचा हक्क लागतो, भाऊ. तुमचं घर शांत झालं हे वहिनींनी सांगितलं की तुम्हाला वाटलं?

केळीवाला (दुसऱ्या दिवशी): विचारलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, हात उचलत नाही आता, पण भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर जातं, आणि माझ्या मजुरीचे पैसे अजून त्याच्याच खिशात. मला हे ठाऊक नव्हतं. तरी दुकान हलवायच्या सह्या मी गोळा करणारच. तो नंबर वहिनीला दिलाय.