ऑफरोडिंगहून आल्यापासून पिकअप खालून टकटक आणि कर्रकर्र करतेय, शोधायचं कुठून?

भांडुपचा_भटक्या
नमस्कार मंडळी. डबल कॅब पिकअप आहे, फोर बाय फोर, पुढे डबल विशबोन (वरखाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग. कर्जतच्या पुढे खांडसच्या बाजूला ग्रुपबरोबर गेलेलो, ओढ्यातले दगड, चिखल, दोन ठिकाणी मागचं चाक हवेत, असं सगळं यथासांग झालं. घरी येताना हायवेवर काही नाही, पण एलबीएस रोडला लागल्यावर पेव्हर ब्लॉक आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा आल्या की पुढून टकटकटक, आणि स्पीडब्रेकरवर मागून एक मोठा ठक, शिवाय सोसायटीच्या रॅम्पवर हळू चढवताना कर्रकर्र, इतकं की वॉचमन वळून बघतो. अटल सेतूवर नेऊन बघितली तर ऐंशीला एकदम शांत, जसं काही झालंच नाही.

गॅरेजवाल्याने एक राउंड मारून सरळ सांगितलं, चारही शॉकअप आणि दोन्ही लोअर आर्म बदला. आकडा ऐकून म्हटलं आधी इथे विचारतो. शॉकअप कोरडे आहेत, तेल कुठेच गळत नाहीये. सोसायटीत लिफ्ट नाही अर्थातच, एक ट्रॉली जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड) आणि रविवारची सकाळ एवढंच भांडवल. सुरुवात कुठून करू?

घाटातला_गिअर
भावा पहिली गोष्ट, हा एक आवाज नाहीये, तू स्वतःच तीन वेगळे आवाज लिहिलेयस, आणि गॅरेजवाला तिन्हींना एकच औषध देतोय. टकटक, ठक आणि कर्रकर्र यांचे गुन्हेगार बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. एकेक पकड.

पाना हातात घ्यायच्या आधी गाडी रिकामी कर. हसू नकोस. मागच्या हौद्यातला जॅक, टॉमी (लोखंडी पहार), टो स्ट्रॅप, त्याचं शॅकल, सीटखालची टूलकिट, सगळं घरी ठेव आणि त्याच रस्त्यावरून एक चक्कर मार. मग खाली वाकून स्टेपनी बघ. पिकअपला स्टेपनी हौद्याखाली साखळीवर किंवा केबलवर लटकते, दगडावर खालून दणका बसला की ती थोडी सैल पडते आणि मग प्रत्येक स्पीडब्रेकरवर चेसिसला ठोकते, अगदी सस्पेन्शन तुटल्यासारखा आवाज येतो. ती काढूनच टाक आणि चक्कर मार. स्किड प्लेटचे बोल्ट, सायलेन्सरचे रबर हँगर, हौद्याचे आणि केबिनचे माउंट हे पण हाताने हलवून बघ. माझ्या अंदाजाने ऑफरोडनंतरचे निम्मे आवाज सस्पेन्शनचे नसतातच.

आणि एक, गाडी अजून धुतली नसशील तर धुऊ नकोस. चिखल हा पुरावा आहे. जिथे दोन पार्ट एकमेकांवर घासतायत तिथे चिखल उडून धातू चकाकतो, आणि बोल्ट सैल असेल तर त्याच्या कडेने गंजाची लाल पावडर दिसते. प्रेशर वॉश मारलं की हे सगळं गटारात जातं.

पेव्हरब्लॉक_पीडित
आमची हॅचबॅक कधी डांबर सोडून उतरली नाही तरी टकटक करते. मुंबईत राहणं हेच ऑफरोडिंग आहे हो. बाकी चालू द्या, वाचतोय.

पाना_१७नंबर
मी कुर्ल्याला काम करतो, रोजचा धंदा हाच. पुढची जी टकटक आहे, बारीक बारीक खड्ड्यांवर येते आणि वेगात सपाट रस्त्यावर नाही, त्यात माझा पहिला संशय स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) लिंक रॉडवर. दगडात एक चाक वर एक खाली असं झालं की त्या लिंकच्या छोट्या बॉल जॉइंटवर सगळा पीळ येतो, त्याचा रबरी बूट फाटला की आत माती जाते आणि मग खुळखुळा.

आता लोक काय करतात, एक चाक जॅकवर उचलतात आणि लिंक हलवून बघतात, टाइट लागते, म्हणतात लिंक ओके. अहो एक चाक उचललं की बार पिळला जातो आणि लिंकवर ताण बसतो, प्ले (ढिलेपणा) दिसणारच नाही. दोन्ही चाकं जमिनीवर पाहिजेत, गाडी सपाट जागेवर. एकाने गाडी बाजूने हलवायची आणि दुसऱ्याने हात आत घालून लिंकच्या जॉइंटवर बोटं ठेवायची. टक् लागला तर बोटाला कळतो, कानाला नंतर कळतो. तरी शंका राहिली तर दोन्हीकडच्या लिंक काढा, बार कुठे लागणार नाही असा बांधा आणि गल्लीतल्या गल्लीत हळू फिरवा. आवाज गेला तर विषय संपला. फक्त तशी गाडी हायवेला नेऊ नका, वळणावर जास्त झुकते.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट बघायचा तर कॉइलचा भार त्यावरून काढायला लागतो. म्हणजे जॅक चेसिसला नाही, लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ. टायर जमिनीपासून थोडा सुटला की खालून टॉमी घालून उचलायचा, वरखाली प्ले आहे का बघायचं. मग चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हब बेअरिंग, तरी राहिला तर बॉल जॉइंट. डावीउजवीकडे धरून हललं तर टाय रॉड एंड नाहीतर रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगचे जोड. घोडी लावल्याशिवाय खाली हातपाय घालू नका, जॅकवर भरवसा ठेवायचा नाही.

शॉकअपला तेल नाही, बंप नंतर गाडी डोलत नाही, तर चारही बदलायचं कारण मला तरी दिसत नाही. फार तर शॉकअपचे बुश आणि वरचा नट बघा.

भांडुपचा_भटक्या
पाना दादा, गिअर भाऊ, खूप खूप आभार. अपडेट देतो.

स्टेपनी काढली, हौदा रिकामा केला. स्पीडब्रेकरवरचा ठक कमी झाला पण गेला नाही. आधी ठणठण पण होती त्यात, ती गेली. आता कोरडा ठक राहिलाय. आणि एक नवीन लक्षात आलं, सिग्नलला उभी गाडी पहिल्यात टाकून सोडली की मागून एकदा ठक, रिव्हर्स घेतला की परत एक.

लिंक रॉड तुम्ही सांगितलं तसं बघितलं. मेहुणा गाडी हलवत होता, मी हात आत. उजवीकडची लिंक चक्क टकटक करतेय बोटाखाली, बूट फाटलेला. डावी घट्ट. बॉल जॉइंट, चाकाचा प्ले दोन्हीकडे काही नाही. सेक्रेटरी खाली येऊन पार्किंगमध्ये गॅरेज चालवता का विचारून गेले, त्यामुळे मागचं राहिलं.

घाटातला_गिअर
पुढे सोडताना एक आणि रिव्हर्सला एक, हे मोठं हिंट आहे. म्हणजे टॉर्क बदलला की काहीतरी जागचं सरकतंय. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (यू जॉइंट), स्लिप जॉइंट कोरडा पडलेला, पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा (टोकाच्या भोकाचा) बुश, नाहीतर पाटे अॅक्सलला आवळणारे यू बोल्ट सैल होऊन अॅक्सलच पाट्याखाली सरकतोय. शेवटचं असेल तर गाडी फिरवू नको.

आधी टेप घे. दोन्ही बाजूला पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून अॅक्सलपर्यंत अंतर मोज, फरक आला तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलाय असं समज. त्या बोल्टचं डोकं अॅक्सलच्या गादीतल्या भोकात बसतं, तेच अॅक्सलला जागेवर ठेवतं, पण सगळा जोर यू बोल्टने धरायचा असतो. ते सैल झाले की बिचारा सेंटर बोल्ट एकटा मार खातो.

मग चाकांना पुढेमागे लाकडं लाव, हँडब्रेक ओढ, मेहुण्याला आत बसव आणि क्लच अगदी किंचित सोडायला सांग, एकदा पहिल्यात एकदा रिव्हर्समध्ये. तू बाजूला लांब उभा राहून टॉर्च मारून बघायचं, गाडीखाली नाही, पुढेही नाही, मागेही नाही. कुठे हालचाल होते ती दिसते. क्रॉससाठी मात्र गाडी बंद करून, न्यूट्रलला, लाकडं तशीच ठेवून शाफ्ट हाताने पीळ.

मड_टायर_मॅडनेस
एवढं सगळं कशाला, सगळे बुश पॉलियुरेथेनचे टाका आणि दोन इंच लिफ्ट किट, आयुष्यभर टेन्शन नाही.

पाना_१७नंबर
साहेब, पॉलीचे बुश वाईट नाहीत पण ग्रीस नीट लावलं नाही की तेच सगळ्यात जास्त कर्रकर्र करतात, आणि रस्त्याचा प्रत्येक दगड केबिनमध्ये कळतो. आवाज शोधायच्या आधी पार्ट बदलला की जुना आवाज कुठला आणि नवीन कुठला हेच कळत नाही.

भटक्या, कर्रकर्रसाठी पाण्याची बाटली घे. मागे हौद्यावर कुणालातरी वरखाली करायला लाव आणि एकेका बुशवर, पाटा लटकतो त्या शॅकलवर, पाट्यांच्या टोकांवर पाणी ओत. जिथे ओतल्यावर आवाज क्षणभर बंद होतो तीच जागा. पाट्यांच्या टोकाला मधे लायनर (पातळ तुकडे) असतात, त्यात बारीक रेती गेली की असंच होतं. पाटे उचलून स्वच्छ धुवायचे आणि लायनर झिजलेत का बघायचे. काळं तेल लावू नकोस, दोन दिवस शांत आणि मग सगळी धूळ त्याला चिकटून लापी होते. वॉशिंगवाले पावसाळ्यात खालून डिझेल मारतात ना, ते पण नको सांगायचं, रबर फुगतं. रबरला सिलिकॉन स्प्रे.

भांडुपचा_भटक्या
सापडलं!! या वेळी मित्राच्या ठाण्याच्या शेडमध्ये नेली, सेक्रेटरींचा आशीर्वाद नको म्हणून.

डाव्या मागच्या बाजूचे यू बोल्ट. प्लेटच्या कडेला लाल पावडर, एकदम गिअर भाऊंनी लिहिलं तशी. क्लच किंचित सोडला की गादी आणि पाट्यामध्ये हालचाल डोळ्याला दिसत होती. टेपने मोजलं, दोन्हीकडे अंतर सारखं, म्हणजे सेंटर बोल्ट वाचलाय. क्रॉस ठीक. कर्रकर्र पाण्याच्या बाटलीने पकडली, उजव्या पाट्याच्या मागच्या टोकाला, लायनरचा अर्धा तुकडाच गायब आहे. गॅरेजने सांगितलेल्या यादीतला एकही पार्ट यात नाही हे बघून हसावं की रडावं कळेना.

आता प्रश्न, यू बोल्ट आहेत तेच परत टाइट केले तर चालेल का? आणि लिंक रॉड एकच बदलू की जोडी?

पाना_१७नंबर
जुने यू बोल्ट परत नको, एकदा ताणले की तेवढी पकड देत नाहीत, त्यात हे सैल होऊन घासलेले आहेत. नवीन चारही, नट वॉशरसकट, ऑपेरा हाऊसला मिळतील, नाहीतर आमच्या सीएसटी रोडला. जुना एक बरोबर ने, जाडी, रुंदी आणि आटे जुळवून घे. अॅक्सल त्या बाजूला मोकळा होणार तेव्हा सेंटर बोल्ट पण बघून घे, डोक्याखाली घासलेला दिसला तर तोही बदल. टाइट करताना चारही नट थोडे थोडे, तिरके तिरके, टॉर्क रेंचने, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला, इम्पॅक्ट गनने घर्रर्र करून सोडून द्यायचं नाही. लिंक जोडीच टाक, डावीने पण तेवढेच दगड खाल्लेत.

शॅकलचा किंवा डोळ्याचा कुठलाही बोल्ट सोडलास तर त्याचं शेवटचं टाइटिंग गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकत असताना आवळला की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे आमच्या लाइनमधले पण बरेच जण करत नाहीत.

घाटातला_गिअर
+१. आणि यू बोल्ट नवीन बसवल्यावर शेदोनशे किलोमीटर चालव आणि परत टॉर्क चेक कर, थोडे बसतातच. ओढ्यात अॅक्सल बुडाला होता का? बुडाला असेल तर मागच्या डिफचं (डिफरेन्शिअल) तेल थोडं काढून बघ, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय.

भांडुपचा_भटक्या
हबच्या वर पाणी होतं एका ठिकाणी. उद्याच बघतो. 😬